ईएन ८ घेतलं की काम पक्कं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. नाहीतर लोखंडाच्या ग्रेडचा हा विषय मी आपणहून काढला की घरची मंडळी एकेक करून उठून जातात. प्रश्न ठरलेला: "काका, साधं एमएस घेऊ की ईएन ८? चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण माल मजबूत पाहिजे." एमएस म्हणजे माइल्ड स्टील, कमी कार्बनचं साधं लोखंड. ईएन ८ म्हणजे जास्त कार्बनची, महाग ग्रेड. विचारणारेही साधारण ठरलेलेच. वसईला नवीन गाळा घेतलेला एखादा मुलगा, कॉलेजच्या स्पर्धेसाठी गाडी बनवणारी पोरं, नाहीतर गच्चीवरच्या टाकीचा स्टँड बदलायला निघालेले सोसायटीचे सेक्रेटरी. सगळ्यांना मी उलट एकच विचारतो: घेऊन त्याचं करणार काय? वेल्डिंग मारणार, लेथला लावणार (म्हणजे जॉब गोल फिरवून टूलने कापणार), की नुसतं वजन पेलायला उभं करणार? हे कळल्याशिवाय ग्रेडचं नाव काढण्यात अर्थ नाही. आणि महाग ग्रेड चुकीच्या जागी लावली तर ती स्वस्त ग्रेडपेक्षा वाईट निघते.

सेक्रेटरींचं काम आधी उरकतो, कारण ते सोपं आहे. टाकीचा स्टँड, दुकानातला पोटमाळा, पत्र्याची शेड, यांना आयएस २०६२ या भारतीय मानकातली ई२५० ग्रेड पुरेशी असते. २५० हा यील्डचा आकडा, मेगापास्कलमध्ये. म्हणजे त्या ताणानंतर लोखंड कायमचं वाकायला लागतं. माल २० मिलिमीटरपेक्षा जाड झाला की हाच आकडा २४० होतो आणि ४० च्या वर २३०, हे बरेच जण विसरतात. पण पोटमाळ्याची तक्रार बहुधा तुटण्याची नसतेच. "मधे झोल आलाय, आता जास्त ताकदीचं लोखंड टाका" अशी असते. इथे ग्रेड बदलून काडीचाही फरक पडत नाही. स्टील साधं असो की भारी, त्याचा ताठपणा जवळपास एकच, दोन लाख मेगापास्कल. डिझाइनवाले आयएस ८०० प्रमाणे (स्टीलच्या बांधकामाच्या डिझाइनचं मानक) सगळ्या स्ट्रक्चरल स्टीलला हाच आकडा धरतात. ई२५० च्या जागी ई३५० टाकलं तरी तेवढ्याच वजनाखाली गर्डर तेवढाच लवणार. झोल घालवायचा तर सेक्शन उंच घ्या. आयएसएमबी १५०, म्हणजे १५० मिलिमीटर उंच आय आकाराचा गर्डर, त्याच्या जागी १७५ घेतला तर मीटरमागे वजन १५ किलोवरून १९ च्या थोडं पुढे जातं, आणि लवणं चाळीस टक्क्यांहून जास्त कमी होतं.

मुंबईत टाकीचा स्टँड तसाही ताकद कमी पडली म्हणून सहसा जात नाही, गंजून जातो. तोही कुठे? बेसप्लेटच्या कडेला, जिथे पाणी साचतं, आणि चौकोनी पाइपाच्या आतून, कारण फॅब्रिकेटरने वरचं तोंड बंद केलेलं नसतं. तिथे दोन टोप्या मारून घ्या आणि ग्रेडचे वाचलेले पैसे रंगाला लावा.

आता गाळ्यातल्या मुलाकडे येतो. तो अमेरिकेतले व्हिडिओ बघून येतो, तिथे १०१८, ए३६, १२एल१४ अशी नावं ऐकतो आणि आपल्या बाजारात येऊन गोंधळतो. ढोबळ हिशेब असा. ए३६ च्या जागी आपलं आयएस २०६२. १०१८ किंवा १०२० च्या जवळ ईएन ३, जे ब्राइट बार, म्हणजे थंड ओढलेली चकचकीत सळी, म्हणून मिळतं. १२एल१४ च्या जागी ईएन १ए, शिसं घातलेलं. तंतोतंत जुळत नाहीत, पण कामापुरतं चालतं.

आयएस २०६२ हा मानक बांधकामासाठी लिहिलेला आहे. त्यात ताकदीची हमी आहे, वेल्डिंग नीट होईल याची आहे, लेथवर कसं चालेल याची नाही. कार्बनला वरची मर्यादा आहे, ए ग्रेडला ०.२३ टक्के. खालची मर्यादाच नाही. त्यामुळे एका हीटमध्ये, म्हणजे भट्टीतल्या एका घाण्यात, कार्बन ०.२१ येतो, दुसऱ्यात ०.१२, दोन्ही पास. ०.१२ वाला लेथवर लावून बघा. माल चिकट. चिप, म्हणजे कापताना निघणारा कीस, तुटतच नाही, लांबच लांब फीत सुटते आणि चकभोवती गुंडाळते, मग मशीन थांबवून आकड्याने ओढत बसा. टूलच्या टोकावर लोखंडाचा थर चिकटून बसतो, तो मधेच सुटतो आणि जाताना जॉबचा पृष्ठभाग ओरबाडून नेतो. नखाने चाचपलंत तर खवले लागतात. अशा वेळी नवीन मुलं स्पीड कमी करतात. उलट करायला हवं: कार्बाइड इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं टोक) असेल तर स्पीड वाढवा, धार तीक्ष्ण असलेला इन्सर्ट घ्या, फीड, म्हणजे दर फेऱ्याला टूल पुढे सरकण्याचं माप, फार बारीक ठेवू नका. थोडं सुधारतं. आरशासारखं फिनिश काही येत नाही, आणि मागूही नये.

ब्राइट बार बरा. डायमधून थंड ओढलेला असतो, त्यामुळे साइज नेमकी मिळते, वरची काळी पापडी गेलेली असते आणि ओढताना माल थोडा कडक होतो. १०१८ चं पुस्तकी उदाहरण घ्या: गरम लाटलेला असेल तर यील्ड २२० च्या आसपास, थंड ओढलेला असेल तर ३७० च्या. चिपही बरी तुटते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वेल्ड मारलंत की त्या भागात ही वाढलेली ताकद उतरते, म्हणून ३७० धरून स्ट्रक्चरचा हिशेब करू नका. आणि ओढलेल्या बारच्या अंगात ताण कोंडलेला असतो. शाफ्ट दोन्ही बाजूंनी सारखा टर्न केला तर तो गप्प बसतो. पण लांब पट्टीची एकच बाजू मिलिंगवर उतरवली, किंवा लांब की-वे (चावी बसवायची खाच) मारला, की वाइसमधून सोडताच पट्टी वाकते. ऑपरेटरला शिव्या देऊन उपयोग नाही. अशा जॉबला आधी स्ट्रेस रिलीव्ह करून घ्या (तापवून आतला ताण घालवणं), नाहीतर सरळ गरम लाटलेला काळा माल घ्या आणि थोडं जास्त मटेरियल ठेवून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने काढा.

ईएन १ए वर माझं जरा जास्तच प्रेम आहे, ते लपवत नाही. यात गंधक मुद्दाम घातलेलं असतं, ०.२ ते ०.३ टक्के. आयएस २०६२ च्या ए ग्रेडमध्ये तेच ०.०४५ च्या वर चालत नाही. हे गंधक मँगनीजला धरून राहतं, त्याचे बारीक लांबट कण मालभर पसरतात आणि तिथे तिथे चिप तुटते. शिसं असेल तर ते कापताना टूलच्या टोकाशी वितळून वंगणाचं काम करतं. ट्रेमध्ये तांदळाच्या कण्यांसारखी बारीक चिप पडत राहते, टूल टिकतं, थ्रेड स्वच्छ निघतात. माल किती सहज कापला जातो याच्या अमेरिकन मोजमापात १२१२ या स्टीलला १०० धरतात. त्या हिशेबात १०१८ साधारण ७८ वर येतं आणि १२एल१४ १७० वर. फिटिंग, नट, बुश, छोट्या पिना यांचा मोठा लॉट असेल तर किलोचा भाव चढा असूनही जॉब स्वस्तात पडतो, कारण पैसा मशीनच्या वेळेत जातो.

मात्र यावर वेल्डिंग नाही म्हणजे नाही. जे गंधक लेथवर मदत करतं तेच वेल्ड थिजताना धातूच्या कणांच्या कडेने वितळलेल्या पातळ थरात जमा होतं आणि वेल्ड गरम असतानाच मधून फाटतो. वरून शिशाचा धूर वेल्डरच्या छातीत. "थोडासा टॅक (वेल्डचा ठिपका) मारतो फक्त" म्हणणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर.

राहिलं ईएन ८, ज्याच्यावरून सगळं सुरू होतं. हे लो कार्बन नाहीच, यात कार्बन ०.४० च्या आसपास. शाफ्ट, स्पिंडल, झिजणारी पिन, इंडक्शनने (विजेच्या कॉइलने तापवून) वरून कडक करायचा भाग, तिथे याच्यासारखं दुसरं नाही. पण ते प्लेटला वेल्ड करायचं म्हटलं की गणित फिरतं. वेल्डिंगवाले कार्बनमध्ये मँगनीजचा सहावा भाग मिळवून अंदाज घेतात. ईएन ८ ला ०.४० अधिक ०.८० चा सहावा भाग, म्हणजे ०.५३. आयएस २०६२ च्या ए ग्रेडला अशा हिशेबाची कमाल मर्यादा ०.४२. आकडा जितका मोठा तितका वेल्डिंगला धोका. वेल्डच्या शेजारचा पट्टा पटकन थंड होऊन काचेइतका ठिसूळ होऊ शकतो. त्यात आपला पावसाळा. जुलैत उघड्या पुड्यातल्या रॉड दमट होतात, त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो, आणि संध्याकाळी ठीक दिसलेला जॉब सकाळी शेजारून तडकलेला सापडतो. एका ओळखीच्या गाळ्यात क्रेनच्या ब्रॅकेटला ईएन ८ ची पिन अशी बसवलेली मी पाहिली आहे. केसाएवढी रेघ, वेल्डला समांतर, अंगठा फिरवला तर लागतसुद्धा नव्हती. नशीब डाय-पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग) मारून बघण्याची बुद्धी त्यांना झाली. तिथे साधी ई२५० ची जाड पिन चालली असती. ईएन ८ च हवं असेल तर आधी तापवा, भट्टीत सुकवलेली ७०१८ रॉड (हायड्रोजन कमी सोडणारी) वापरा, आणि सावकाश थंड होऊ द्या.

"एमएसच घेतो, नंतर हार्ड करून द्या" असंही लोक सांगतात. ०.२ टक्के कार्बनचं लोखंड लाल करून पाण्यात बुडवलं तरी कामाचा कडकपणा येत नाही. केस हार्डनिंग करता येतं: ९०० अंशांच्या पुढे ठेवून वरच्या थरात कार्बन मुरवायचा आणि मग बुडवायचं. वरचा मिलिमीटरभर कडक, आतला गाभा मऊ. गिअर आणि बुशला हे उत्तम. पण साइज थोडी हलते, ग्राइंडिंगला मटेरियल ठेवा.

खरेदीबद्दल. सेक्शन आणि प्लेट कळंबोलीला, टूल आणि इन्सर्ट नागदेवीला, हे तुम्हाला ठाऊक असेल. दारूखान्यात मोडलेल्या जहाजाची प्लेट स्वस्त मिळते आणि ती वाईट असते असं मी म्हणणार नाही. जहाजाच्या साध्या ग्रेडलाही यील्ड किमान २३५ लागतं. पण हातात आलेला तुकडा कुठल्या भागातला, किती गंजून किती उरला, हे कोण सांगणार? बाकड्याला, जिगच्या बेसला घ्या. माणूस खाली उभा राहणार असेल तिथे नको. बारच्या टोकाच्या रंगावरही जाऊ नका, प्रत्येक दुकानाचा रंग वेगळा. टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर मालावर आहे का ते स्वतः बघा. झेरॉक्स कोणीही देतं.

आणि कॉलेजच्या पोरांनो, तुमच्यासाठी खास. बाहा स्पर्धेच्या (कॉलेजांनी गाडी बनवून पळवायची स्पर्धा) नियमात रोल केजच्या, म्हणजे चालकाभोवतीच्या सांगाड्याच्या, पाइपला किमान ०.१८ टक्के कार्बन लागतो. दुकानदार हातातली एक्स-रे गन लावून दाखवेल, स्क्रीनवर मँगनीज, क्रोमियम सगळं दिसेल. त्या गनला कार्बन दिसत नाही, तो खूप हलका आहे. त्याला ठिणगीवाला स्पेक्ट्रो लागतो, म्हणजे ठिणगीच्या उजेडावरून घटक मोजणारं यंत्र, लॅबमध्ये. पाइपचा एक तुकडा आधी तिकडे द्या, रिपोर्ट येईपर्यंत नॉचिंगला (जोडासाठी पाइपाचं टोक कापणं) हात लावू नका, आणि उरलेल्या पाइपावर हीट नंबर ऑइल पेंटने लिहून ठेवा, कारण कापाकापीत पहिला जातो तो छापलेला भाग.