विजेचा सा

घरी बनवलेला ॲम्प्लिफायर पहिल्यांदा चालू केला की गाणं नंतर येतं, आधी घूं येतं. हे घूं फार मोठं नसतं, पण हटवादी असतं. आवाज कमी केला तरी असतं, वाढवला तरी असतं आणि दोन गाण्यांच्या मधे जरा शांत बसावं म्हटलं तर तिथे हमखास असतं. विकतच्या यंत्रात ते आधीच दाबून टाकलेलं असतं. आपल्या हातच्या यंत्रात मात्र ते पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वावरतं. या छंदातले लोक त्याला हमिंग म्हणतात. ‘जमलं का रे?’ ‘जमलं, पण हमिंग येतंय.’ एवढ्या दोन वाक्यांत निम्मी कहाणी सांगून होते.

मला हा नाद लागला तो गाण्यामुळे. मी गात नाही; बायको गाते. घरात गाणारं माणूस असलं की न गाणाऱ्याच्या वाट्याला काही कामं आपोआप येतात. तंबोरा गवसणीत घालणं, आल्यागेल्याला चहा, आणि सोसायटीच्या कार्यक्रमात वायरी सांभाळणं. मी वायरींपासून सुरुवात केली आणि हळूहळू डाग देण्यापर्यंत, म्हणजे सोल्डरिंगपर्यंत पोचलो. आता ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाचं एक टोक कायमचं माझं आहे. तिथे राळेचा वास येतो आणि पाहुणे तिथे बसत नाहीत.

पहिला मान बहुतेकांप्रमाणे माझ्याकडेही एलएम ३८६ चाच. आठ पायांची आयसी (सिग्नल मोठा करणारी चिप), ९ व्होल्टची बॅटरी, वीज साठवणारे चार-दोन कंडेन्सर आणि जुन्या ट्रान्झिस्टरमधून काढलेला स्पीकर. एरवी ही आयसी सिग्नल २० पट करते. पहिल्या आणि आठव्या पायाच्या मधे १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला की २०० पट. वॅट म्हणाल तर एकसुद्धा धड नाही, पण स्वयंपाकघरात रेडिओ ऐकायला पुरतो. आणि बॅटरीवर चालत असल्यामुळे फारसा घूं करत नाही, त्यामुळे नवशिक्याला वाटतं की विद्या आली. मग तो ट्रान्सफॉर्मर आणायला मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जातो.

ठाण्याहून फास्ट पकडायची, दादरला पूल ओलांडून पश्चिमेची स्लो, ग्रँट रोडला उतरायचं. रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर टॅक्सीवालाही दोन मिनिटं विचारात पडतो. आता सगळा माल कुरियरने दारात येतो हे खरं. तरी मी जातो, कारण गल्ल्यावरच्या माणसाचं बोलणं ऐकायला मला आवडतं. ‘बारा-झीरो-बारा, दोन अँपिअर’ म्हटलं की तो मान न वळवता मागे हात घालतो आणि मुठीएवढं लोखंड काउंटरवर ठेवतो. ‘टीडीए वीस-तीस’ म्हटलं की विचारतो, ‘ओरिजिनल चाहिए या चालू?’ इतका प्रामाणिक प्रश्न दुसऱ्या कुठल्या धंद्यात गिऱ्हाइकाला तोंडावर विचारत असतील असं मला वाटत नाही.

टीडीए २०३० म्हणजे पाच पायांची, १४ वॅटपर्यंत जाणारी आयसी. इथे एक गंमत आहे. बारा-झीरो-बारा म्हणून घेतलेला ट्रान्सफॉर्मर, एसीची डीसी करणाऱ्या डायोड-कंडेन्सरच्या पलीकडे, १२ व्होल्ट देतच नाही, दोन्ही बाजूंना १६-१७ देतो. कारण १२ हा विजेच्या लाटेचा हिशेबी आकडा, आणि कंडेन्सर भरतो तो लाटेच्या शेंड्यापर्यंत. आयसीची सहनशक्ती १८ ची. म्हणजे सगळं प्रकरण काठावरच चालतं. पण चालतं. आणि घुमतं.

ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता हे आता नव्या लोकांना सांगावं लागतं. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका तिथे कामाला होते. ऐंशी उलटली, दिसतं कमी, कान मात्र शाबूत. मी मल्टीमीटर घेऊन बोर्डावर वाकलेला असताना ते खुर्चीतूनच म्हणाले, ‘‘अरे, ते डोळ्याने नाही सापडायचं. घूं जाड आहे का चरचरीत, ते सांग.’’ चरचरीत असेल तर दोष पॉवर सप्लायचा. कंडेन्सर लहान पडतोय किंवा वाळलाय. जाड, गोल असेल तर घरातली वीज कुठून तरी इनपुटमध्ये शिरतेय. त्यांचं म्हणणं पुस्तकातही तसंच आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. चार डायोडांचा पूल तिचा खालचा अर्धा भाग उलटून वर आणतो, म्हणून सप्लायमधून येणारा घूं १०० चा असतो आणि त्याच्या कडा टोकदार असतात. बाहेरून शिरलेला असतो तो ५० चा.

मग काका म्हणाले, ‘‘इनपुटला बोट लाव.’’ लावलं. स्पीकर असा गरजला की आतून बायको बाहेर आली. माणसाचं शरीर ही एक बऱ्यापैकी अँटेना आहे. भिंतीतल्या वायरींची वीज ती झेलत असते आणि आपल्याला पत्ता नसतो. बोट लावल्यावर घूं आला म्हणजे तिथून पुढचं सगळं जिवंत आहे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची ही फार जुनी परीक्षा. (हे फक्त कमी व्होल्टच्या इनपुटला. २३० च्या बाजूला बोटाने काहीही तपासायचं नसतं.)

बायको बाहेर आली ती रागावलेली नव्हती. दारातच उभी राहून म्हणाली, ‘‘अहो, हा पांढरी पाच आहे. जरा चढा आहे, पण पांढरी पाचच.’’

मी आकडेमोड केली. पेटीवरच्या पांढरी पाच या पट्टीचा खर्ज, म्हणजे खालचा सा, ९८ हर्ट्झला (सेकंदाला ९८ कंपनं) येतो, काळी चारचा १०४ च्या जरा खाली. विजेचा १०० यांच्या मधे, पांढरी पाचच्या अंगाला. म्हणजे तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. आणि तेव्हापासून मला हा आवाज दोष म्हणून ऐकूच येईना. स्वर म्हणून ऐकू यायला लागला. त्यात पाहायला गेलं तर सगळंच आहे. ५० हा सा, १०० हा वरचा सा, १५० हा पंचम, आणि २५० हा गांधार. तोच गांधार, जो नीट लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडता उमटतो आणि ज्याला गवई स्वयंभू म्हणतात. गणित दोन्हीकडे एकच, मूळ स्वराची पाचपट. चार इंची स्पीकरला ५० हर्ट्झ खरं तर काढताच येत नाही. तो वरचे वरचे स्वर काढतो आणि खालचा सा आपला कान पदरचा घालतो.

या स्वराची शिस्तही बघण्यासारखी आहे. २०१३ च्या ३१ डिसेंबरला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, बाकी देशाला लागलं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत देशाच्या मुख्य ग्रिडवरचे पंखे, ट्यूबलाइटचे चोक, ट्रान्सफॉर्मर सगळे एका सुरात आहेत. ग्रिडच्या नियमात ४९.९० ते ५०.०५ एवढीच हालचाल मान्य आहे. गाण्याच्या भाषेत पाच सेंट, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा विसावा हिस्सा. पेटीचा गांधार शुद्ध गांधारापेक्षा १४ सेंट चढा असतो आणि तो आपण पिढ्यान्‌पिढ्या चालवून घेतलाय. अमेरिकेत वीज ६० ची, म्हणजे तिथला घूं काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. तिथे राहणाऱ्या भाच्याला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही बरे आहात ना?’’

स्वर कितीही आवडला तरी गाण्याखाली तो नकोच. काळी एकमध्ये गाणाऱ्याला हा १०० तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधे पडतो. त्या माणसाने मन लावून भूप कसा गावा? तेव्हा उपाय करायचे. इनपुटची वायर शिल्डेड, म्हणजे धातूच्या जाळीचं कवच असलेली घ्यायची. पॉवरच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या. सगळ्या ग्राउंडच्या वायरी वाटेत कुठेही न जोडता एकाच बिंदूवर आणायच्या. आणि ट्रान्सफॉर्मर स्क्रूने आवळण्याआधी, प्लग लावण्यापूर्वी त्याचे २३० चे सगळे जोड झाकून घ्यायचे, मग तो डब्यात हळूहळू फिरवून बघायचा. हे काम मला सगळ्यात आवडतं. एक हात पाठीमागे, दुसऱ्याने ट्रान्सफॉर्मर धरून कणाकणाने वळवायचा, कान स्पीकरला. घूं चढत जातो, उतरत जातो आणि एका कोनात एकदम बसतो. पेन्सिलने तिथे खूण करायची. काही महाभाग याऐवजी प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. घूं जातो, आणि एखाद दिवशी माणूसही जाईल. असल्या लोकांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या यंत्राला हात लावत नाही.

सोसायटीच्या गणपतीत तर रोगाचं मूळ बहुतेक वेळा यंत्रात नसतंच. मिक्सर एका भिंतीच्या सॉकेटवर, की-बोर्ड आणि लॅपटॉप समोरच्या भिंतीवर. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळ्या वाटेने जमिनीत जातं आणि मधे ऑडिओची वायर त्या दोन वाटा जोडते. झाला फेरा पुरा. अशा वेळी लॅपटॉपचा चार्जर काढायचा, किंवा सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यायचं. घूं गेला की समोरचे आजोबा, मी जणू नाडी बघून औषध दिलंय, अशा नजरेने बघतात. दिवाळी पहाटेला तलावपाळी आणि राम मारुती रोडवर भिंतीएवढे स्पीकर लागतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. घूं ऐकू यायला मुळात दोन सेकंद शांतता लागते.

गेल्या वर्षी तंबोऱ्याला पिकअप, म्हणजे त्याची कंपनं टिपून विजेत बदलणारा तुकडा, बसवायचं डोक्यात आलं. घड्याळाच्या बझरमध्ये असते ती पिएझोची चकती घेतली. पितळेचा गोल पत्रा, त्यावर पांढरट गोल. त्या पांढऱ्या भागावर डाग देताना आयर्न टेकवून लगेच उचलायची, नाहीतर वरचा चांदीचा पापुद्रा निघून येतो. पॉलिशला धक्का लागता कामा नये अशी ताकीद मिळाली होती, म्हणून चकती मेणाने तबलीवर (भोपळ्याच्या तोंडावरच्या फळीवर), तारा जिच्यावरून जातात त्या घोडीपाशी चिकटवली. आवाज आला तो पत्र्याचा. जवारीची, म्हणजे घोडीला तार घासून येणारी, सळसळ होती, खर्ज मात्र गायब. पिएझो मुळात एक छोटा कंडेन्सर आहे, साधारण २० नॅनोफॅरडचा. त्याच्यापुढे १० किलोओहमचं इनपुट आलं की सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उताराला लागतं. मधे टीएल ०७२ ही आयसी घालून इनपुट १ मेगाओहमचं केलं, की ही सीमा उतरून ८ हर्ट्झवर येते. केलं. खर्ज आला, आणि असा आला की भोपळ्यात डोकं घालून ऐकतोय असं वाटलं.

तंबोरा पांढरी पाचचा. डोळे मिटून छेडता छेडता बायको थांबली. ‘‘खर्जाला लहरी येतायत.’’ मीही ऐकलं. सेकंदाला दोन, अगदी मोजून घ्याव्यात अशा. ९८ आणि १०० मधला फरक. माझ्या डब्यातून घूं येणं मला अपमानास्पद होतं, म्हणून मी ॲम्प्लिफायर बंद केला. लहरी होत्याच. प्लग काढला. तरी होत्या.

आमचा पहिला मजला. खिडकीखाली, कंपाउंडच्या कोपऱ्यात, जाळीच्या आत सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर आहे. विजेच्या प्रत्येक हेलकाव्यात त्याच्या गाभ्याचं पोलाद दोनदा सूक्ष्मपणे ताणतं आणि आखडतं, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. त्याला कुठला कंडेन्सर लावणार आणि कुठल्या कोनात फिरवणार? ‘‘खिडकी लावून घेऊ?’’ मी विचारलं. ‘‘मे महिन्यात?’’ असं म्हणून तिने खर्जाचा मणी बोटाने किंचित सरकवला, मग जोडीच्या तारांचे, मग पंचमाचा. लहरी लांबत गेल्या, सेकंदाला एक, दोन सेकंदांना एक, आणि थांबल्या. खोली भरून गेली. आठवडाभर तिचा रियाज त्याच सुरात झाला आणि उत्तम झाला.

रविवारी पेटीवाले आले. त्यांनी भाता उघडला, पांढरी पाच दाबली, दोन क्षण धरून ठेवली आणि सोडली.

‘‘तंबोरा कुणी लावलाय?’’

तिने खिडकीकडे बोट दाखवलं.