लंडन, पावणेतीन वर्षांचा मुलगा आणि १५ नंबरची बस

जूनमध्ये दहा दिवस आम्ही लंडनला राहिलो. लाइमहाउस भागात छोटं घर भाड्याने घेतलं होतं. बरोबर आमचा पावणेतीन वर्षांचा ईशान.

आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तिथे पहाटेचे तीन. ईशान रोजच्या सवयीने उठला आणि बूट हातात घेऊन दारापाशी उभा राहिला, "खाली जायचं." संध्याकाळी साडेचारलाच डोळे मिटायला लागायचे, आणि बाहेर रात्री साडेनऊपर्यंत उजेड. पहिले दोन दिवस त्याला जागं ठेवायची धडपड केली, पण तो नुसता रडून रडून बेजार झाला. मग नाद सोडला. खिडकीवर माझी काळी शाल पिनांनी लावली, पाचला वरणभात भरवून झोपवलं आणि पहाटे त्याच्याबरोबर आम्हीही उठायला लागलो.

त्यातूनच बस सापडली. सहाची १५ नंबरची बस जवळपास रिकामी असायची. बाबागाडी घरी ठेवून थेट वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढच्या सीटवर. काचेला नाक टेकवून हा बसायचा. एखादी फांदी काचेवर सपकन आपटली की मान खाली घालायचा आणि मग खळखळून हसायचा. लंडनचा टॉवर गेला, सेंट पॉलचा घुमट गेला, त्याचं लक्ष फक्त फांद्यांकडे आणि समोरून येणाऱ्या लाल बसकडे. ट्रफाल्गर चौकात उतरून सिंहांचे पुतळे बघायचे, केळं खायचं, परत बस. पाच वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर बस आणि ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, फुकट आहे. आपल्या तिकिटातही एका तासात कितीही बस बदला, भाडं एकदाच. म्हणून कंटाळला की उतरा, पुन्हा चढा, जिवाला घोर नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र मी हावरटपणा केला. एक राजवाडा, एक बाग आणि एक संग्रहालय, सगळं एका दिवसात. संग्रहालयाच्या रांगेत त्याने जमिनीवर अंग टाकलं. तासभर समजूत घातली, शेवटी परत फिरलो. दोन दिवसांनी फक्त नॅचरल हिस्टरी म्युझियम ठरवलं. तिथे छताला निळ्या देवमाशाचा पंचवीस मीटरचा सांगाडा टांगलाय. ईशान त्याच्याखाली उताणा झोपला आणि बोटाने एकेक बरगडी मोजायला लागला, "एक, दोन, पाच, एक." मीही शेजारी झोपले. अर्ध्या तासाने तिथूनच घरी. बाकीचं म्युझियम बघितलं नाही, आणि मला त्याची जराही हळहळ वाटली नाही.

आमची सगळ्यात लाडकी जागा रसेल स्क्वेअरजवळची कोरम्स फील्ड्स. लहान मूल बरोबर असल्याशिवाय मोठ्यांना तिथे प्रवेशच नाही! वाळू, पाणी, घसरगुंड्या, आणि कोणी घाई करत नाही. पूर्वी या जागेवर थॉमस कोरम यांनी १७३९ मध्ये स्थापन केलेलं अनाथ आणि टाकलेल्या मुलांचं आश्रयस्थान होतं. ते शहराबाहेर गेल्यावर इथे इमारती उठणार होत्या, पण लोकांनी लढून ही जागा मुलांसाठी राखली. बाजूच्या फाउंडलिंग म्युझियममध्ये आयांनी मुलाला सोडताना ओळखीसाठी ठेवलेल्या वस्तू आहेत. एखादं नाणं, एखादी छोटी खूण. ईशान बाबागाडीत झोपला होता तेव्हा मी एकटीने ते बघितलं आणि बराच वेळ तिथून हलले नाही. बाहेर येऊन आधी त्याचे वाळूने भरलेले मोजे काढले, झटकले, पुन्हा घातले.

खाण्याचं थोडक्यात सांगते: मेतकूट, नाचणीचं सत्त्व, मूगडाळ घरून नेलं. तूप नेऊ नका, दुधाचे पदार्थ भारतातून तिथे नेता येत नाहीत. तूप तिथल्या भारतीय दुकानांत सहज मिळतं.

शेवटच्या दिवशी डीएलआरने, म्हणजे पूर्व लंडनमधल्या छोट्या रेल्वेने, नदीकाठच्या आयलंड गार्डन्सला गेलो. या गाडीला चालकाची केबिनच नसते, त्यामुळे पुढच्या काचेशी बसून रूळ बघता येतात. ईशान दोन्ही हातांनी हवेतलं स्टिअरिंग फिरवत होता. तिथून थेम्स नदीखालचा १९०२ सालचा पादचारी बोगदा आहे, पलीकडे ग्रिनिच. आत गार, पांढऱ्या टाइल्स, लांबच लांब सरळ वाट. ईशानने बाबागाडीतून उतरून "आज्जीऽऽ" अशी हाक मारली. बोगद्याने ती परत दिली. तो दचकला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा हाक मारली.

"आज्जी तिकडे आहे," म्हणाला, आणि माझा हात सोडून पुढे चालायला लागला. पलीकडच्या टोकापर्यंत तो सगळा बोगदा स्वतःच्या पायांनी चालला.