बंबातली बुरकुंडं

भाच्याच्या टेबलावर परवा दुपारी एक छोटासा डबा दिसला, प्रीबायोटिक फायबर म्हणे, म्हणजे पोटातल्या चांगल्या बॅक्टेरियांचा खाऊ, जिमवाल्यांनी सांगितलंय. मला लेबलं वाचायची वाईट खोड आहे, फरसाणाच्या पाकिटावरचं बारीक अक्षरसुद्धा सोडत नाही. तर लिहिलं होतं, जायलो-ऑलिगोसॅकराइड, मक्यापासून. मक्यापासून म्हणजे दाण्यांपासून नाही हं, दाणे काढल्यावर उरतं त्या बुरकुंडापासून! किंमत बघून डबा हळूच होता तिथे ठेवला.

आजोळी बुरकुंडं बंबात जायची. मागच्या पडवीत पोती भरून ठेवलेली असायची, आजी पहाटे गोवरी पेटवून द्यायची आणि मग वरून एकेक बुरकुंड टाकत बसायचं काम पोरांचं, म्हणजे बहुतेक माझंच, कारण ती मस्त पेटायची पण टिकायची नाहीत. डोळे चुरचुरायचे तरी थंडीमुळे तिथून हलवत नसे, आणि एवढं करून पहिलं गरम पाणी मामाला.

त्या बुरकुंडात जायलान नावाचं फायबर असतं, एका जातीच्या साखरेच्या लांब साखळ्यांचं, त्या साखळ्या एन्झाइमने तोडून छोट्या केल्या की झालं हे फायबर. आपल्याला ते पचत नाही, तसंच मोठ्या आतड्यात जातं, तिथे बिफिडोबॅक्टेरिया नावाचे चांगले बॅक्टेरिया त्यावर ताव मारतात, मग त्यांचं उष्टं दुसरे बॅक्टेरिया खाऊन ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि त्यावर आपल्या आतड्याच्या पेशी जगतात. सगळा कारभार उष्ट्यावर, आजीला सोवळ्यात हे अजिबात चाललं नसतं. गॅसही होतो, त्याबद्दल भाचा बोलत नाही.

उसाच्या चोथ्यातही जायलान असतं, तो कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातो, ते जाऊ दे. माझा खरा राग चाळणीवर आहे. गव्हाच्या कोंड्यात याच जातीचं फायबर असतं आणि आमच्याकडे पोळ्या मऊ व्हाव्यात म्हणून बारीक चाळणीने कणीक चाळून तो काढून टाकतात, मग तेच फायबर डब्यातून विकत आणतात. मी चाळू देत नाही, यावरून घरात दर आठवड्याला वाद होतो आणि माझ्या पोळ्या जाड होतात हे खरंय.

२०१६ मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला होता. त्यांच्या पोटात माणसाच्या आतड्यातले बॅक्टेरिया सोडले आणि खाण्यातलं फायबर बंद केलं. तर ते बॅक्टेरिया उपाशी नाही राहिले, त्यांनी आतड्याच्या आतला चिकट थरच खायला घेतला, तो पातळ झाला, आणि मग बाहेरून आलेल्या जंतूंना आत शिरायला फारसं काही करावं लागलं नाही.