डिझाइनचा कागद आणि सोनाराचा हात

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये प्रिंट्स अँड ड्रॉइंग्जची, म्हणजे छापील चित्रं आणि रेखाटनं बघायची, स्टडी रूम आहे आणि तिथे कोणीही जाऊ शकतं! ना डिग्री लागते ना कुणाचं पत्र, आधी अपॉइंटमेंट घ्यायची, फोटो आयडी दाखवायचं, की पाचशे वर्षांपूर्वीचा कागद तुमच्या पुढ्यात आणून ठेवतात, तोही फुकट.

मी मागितलं हाइनरिश आल्डेग्रेव्हर या कोरीवकाम करणाऱ्या चित्रकाराचं खंजिराच्या म्यानाचं छापील डिझाइन. जर्मनी, १५३० चं दशक. खाली निमुळती होत गेलेली लांबट पट्टी, त्यात वळणं घेत चढणारी अकँथसची (युरोपच्या नक्षीत नेहमी दिसणारं झुडूप) पानं, आणि भिंगातून बघितलं की कळतं, काळी सावली वाटते ती सगळी केसासारख्या बारीक रेघांची जाळी आहे. हे कारागिराने समोर ठेवून काम करायला होतं, आपल्याकडे भरतकामाचे छापे मिळतात ना, तसं. सोनार, सुतार, मीनाकार, ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने उचलायचं. वर्कशॉपमध्ये हाताळून जे कागद फाटले ते गेले, संग्राहकांनी जपले ते उरले.

आणि "कारागिरांनी चित्रकारांची कॉपी मारली" असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं, कारण तांब्यावर कोरून छापायची कलाच मुळात सोनारांच्या हातातून आलीये. प्रसिद्ध जर्मन चित्रकार ड्यूररचे वडील सोनार, तो स्वतः आधी त्यांच्याच हाताखाली शिकला. जर्मनीतल्या ऑग्सबर्गचा डॅनिएल होप्फर चिलखतांवर ॲसिडने नक्षी काढायचा, तेच तंत्र लोखंडी पत्र्यावर वापरून १५०० च्या सुमारास प्रिंट काढायला लागला आणि मग त्यातून बाकीच्यांना नक्षीचे नमुने मिळाले. म्हणजे कारागिरांचंच कारागिरांकडे परत आलं! फ्रान्सच्या एत्येन दलोनच्या चिमुकल्या प्रिंट्सवरून तिथल्याच लिमोज गावच्या मीनाकारांनी कामं केली. लिमोजचं मीनाकाम बघायचं तर याच म्युझियममध्ये खाली वॉडेस्डन बिक्वेस्टच्या (मृत्युपत्राने म्युझियमला मिळालेला संग्रह) खोलीत जा.

आपल्याकडे एका संग्रहालयात जुने कागद बघायला मागितले तर आधी शिफारसपत्र आणा म्हणाले, राग आला होता. अर्थात यांच्याकडे पैसा आहे, माणसं आहेत, आणि जगभरातून काय काय कसं इथे आलं तेही आपल्याला माहितीये. आणि आपला तांबटही कमी नव्हताच, मिरजेत १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली गेली, तीही तांबटाच्याच हातची. नक्षीचे छापील नमुने मात्र आपल्याकडे तेव्हा निघाले नाहीत, बापाकडून पोराकडे हातानेच गेले, आणि ते काही कमी प्रतीचं शिक्षण नाही असं माझं ठाम मत आहे.

लंडनला येणार असाल तर निघायच्या आधीच अपॉइंटमेंट घेऊन ठेवा, आणि होप्फर नक्की मागा.