काडीमोड

आज मैत्रिणीसोबत शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात होते. परस्पर संमतीचा घटस्फोट, १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब. बाहेर आल्यावर तिची आजी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "काडीमोड झाला हो पोरीचा."

मला हा जुना शब्द पटतो. काही समाजांत पंचांसमोर खरोखर काडी मोडून नवरा-बायको वेगळे होत. सोडचिठ्ठी मात्र एक देतो, दुसऱ्याच्या हातात पडते. फारकत काय, भावाभावांतही होते. पण 'टाकलेली'? हा शब्द बाईच्याच वाट्याला! 'टाकलेला नवरा' कधी ऐकलाय कुणी? माझ्या मैत्रिणीबद्दल तो कृपा करून वापरू नका. अर्जावर दोघांच्या सह्या आहेत.