जावईबापू आणि हिंदी सिनेमा : ३१ चित्रपटांनंतरची नोंद

मंडळी, मागची नोंद लिहिली तेव्हा आकडा १४ वर होता, आता ३१ झालाय. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. लेक म्युनिकला असते, जावई तिथलेच, नाटकाच्या थिएटरात प्रकाशयोजनेचं काम करतात. उन्हाळ्यात मी तीन महिने त्यांच्याकडे असतो. रात्री नऊ वाजले तरी तिथे उजेड असतो, निवृत्त माणसाने वेळ काढायचा कसा? त्यातून जावईबापूंना हिंदी सिनेमे दाखवायचा हा उद्योग सुरू झाला. एरवी मी इकडे, ते तिकडे. फोनवर 'एक, दोन, तीन' म्हणायचं आणि दोघांनी एकदम बटण दाबायचं. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक पडतो, म्हणून रविवारची त्यांची दुपार ठरवून ठेवली आहे.

सुरुवातीची माझी चूक पुन्हा कबूल करतो, कारण बाहेरच्या माणसाला सिनेमा दाखवायला बसलेले आपण बहुतेक जण ती करतो. जावईबापूंचं हिंदी सिनेमाबद्दलचं ज्ञान म्हणजे २००४ साली तिथल्या टीव्हीवर लागलेला 'कभी खुशी कभी गम'. संवाद जर्मनमध्ये, गाणी मात्र हिंदीतच. त्यांच्या घरी तो सगळ्यांनी पाहिला होता आणि निष्कर्ष काढला होता की या लोकांना रडू आलं की ती नाचतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून पहिला चित्रपट लावला 'अर्धसत्य'. निहलानींचं दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा, पानवलकरांची कथा, शिवाय अमरापूरकर. म्हटलं, बघा आमची माणसं काय ताकदीची आहेत! त्यांनी शांतपणे पाहिला, आवडल्याचं सांगितलं आणि विचारलं, "पण बाबा, असे आमच्याकडेही होतात. गाण्यांचे कुठे आहेत?"

गाण्यांबद्दल त्यांची माफी मागायची तयारी करून मी तीन आठवडे घालवले होते.

आता गेल्या सतरा चित्रपटांबद्दल. सगळ्यांवर लिहीत नाही, काहींवर लिहिण्यासारखं काही नाही. 'लंचबॉक्स' त्यांनी आधीच पाहिलेला निघाला. ऐंशीच्या दशकातले दोन मारधाडपट मी स्वतःच अर्ध्यावर बंद केले. लहानपणी पाहिलेलं सगळंच सोनं नसतं, हे मान्य करायला वय लागतं.

'लगान' मात्र सपशेल यशस्वी. मला भीती होती ती क्रिकेटची. पावणेचार तासांचा सिनेमा, त्यात मोठा भाग सामन्याचा, आणि पाहणाऱ्याला बॅट कुठल्या बाजूने धरतात हेही ठाऊक नाही. पण तिथेच गोवारीकरांची हुशारी कळली. चंपानेरच्या गावकऱ्यांनाही क्रिकेट येत नसतं. ते शिकतात, त्यांच्याबरोबर प्रेक्षकही शिकतो. मी हा चित्रपट दहा वेळा तरी पाहिला असेन, पण ते शिकण्याचे प्रसंग मला नेहमी भरताड वाटायचे. कारण मला क्रिकेट येतं! जावईबापूंनी त्यातलं एकही मिनिट सोडलं नाही. आणि मग शेवटच्या चेंडूला, नको तिथे, त्यांनी बटण दाबून चित्रपट थांबवला. "नो बॉल म्हणजे काय?" मी उठून दिवाणखान्यात क्रीज आखून दाखवली, पाय कुठे पडला की चूक ते दाखवलं. लेक आतून ओरडली, "आधी संपवा ना ते!"

'चुपके चुपके' पडला, आणि त्याचं मला अजून दुःख आहे. माझ्या अत्यंत आवडत्या पाच चित्रपटांतला तो एक. पण त्यातली गंमत शुद्ध हिंदीची आहे. ड्रायव्हर झालेला प्रोफेसर अशी संस्कृतप्रचुर हिंदी बोलतो की ऐकणाऱ्याला घाम फुटावा, आणि खाली सबटायटलात ते सगळं साध्यासुध्या इंग्रजीत येतं. ओमप्रकाशच्या चेहऱ्यावर ते हसले, बाकी मुकाट बसले. फक्त एका जागी खदखदून हसले. टी-ओ टू, डी-ओ डू, मग जी-ओ गू का नाही, हा प्रश्न. तोही अर्धाच विनोद त्यांच्यापर्यंत पोचला. उरलेला अर्धा लेकीने समजावून सांगितला, मी सासरा असल्यामुळे खिडकीबाहेर बघत होतो.

सबटायटलांबद्दल माझी मूळ तक्रार वेगळी आहे. इंग्रजीत सगळं 'यू'. आता हिंदी प्रेमकथेत 'आप'वरून 'तुम'वर येणं ही केवढी मोठी घटना! कधीकधी अख्ख्या प्रसंगात घडतं ते तेवढंच, आणि वाचणाऱ्याला पत्ताच नाही. सुदैवाने जर्मनमध्ये 'दू' आणि 'झी' आहे, त्यामुळे मुद्दा त्यांच्या लगेच लक्षात आला. मग आम्ही बोटांची पद्धत काढली. 'तू'ला एक बोट, 'तुम'ला दोन, 'आप'ला तीन. संबोधन बदललं की मी बोटं दाखवायची. दोन-चार चित्रपटांतच त्यांनी हेरलं की जवळ आलेली माणसं भांडली की पुन्हा तीन बोटांवर जातात. आपल्याला हे जन्मापासून माहीत असतं, पण मोजलेलं नसतं. (आमच्या घरातलं संबोधन विचारू नका. मी त्यांना रीतीप्रमाणे 'तुम्ही' म्हणतो. त्यांनी मराठी लेकीकडून उचलली, त्यामुळे ते मला 'ए बाबा' म्हणतात.)

गाण्यांना बहुतेक ठिकाणी सबटायटलच नसतं. तिथे अनुवादक म्हणून मला बसवलं आणि माझी पुरती शोभा झाली. पन्नास वर्षं जी गाणी न्हाणीघरात म्हणत आलो, त्यातल्या निम्म्या उर्दू शब्दांचा अर्थ मला येत नाही! सूर येतो, मुखडा येतो, अंतऱ्यातली जागासुद्धा येते, अर्थ येत नाही. 'शिकवा' हा शब्द शाळेत असताना मी 'मला काहीतरी शिकवा' असाच समजत होतो आणि प्रेमिका फार अभ्यासू आहेत असं वाटायचं. तक्रार हा अर्थ कॉलेजात कळला. 'जुस्तजू', 'तसव्वुर', 'तग़ाफ़ुल' हे तर यंदा, सत्तरीच्या उंबरठ्यावर, शब्दकोश उघडून शिकलो. आता चित्रपटाच्या आदल्या दिवशी गाणी लिहून काढतो, अर्थ बघतो, मग त्यांना सांगतो. चित्रपट त्यांना दाखवतोय आणि गृहपाठ मी करतोय.

पार्श्वगायनाचा धक्का त्यांना जरा उशिरा बसला. सलग पाचव्या चित्रपटात त्यांनी विचारलं, या वेगवेगळ्या बायका एकाच आवाजात कशा गातात? तेव्हा लताबाईंचं नाव सांगितलं. १९४९च्या 'महल'मधल्या त्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर सुरुवातीला गायिकेचं नावच नव्हतं, पडद्यावरच्या पात्राचं, 'कामिनी'चं होतं, हेही सांगितलं. आणि फिल्मफेअरने पार्श्वगायनाला पारितोषिक द्यायला १९५९ साल उजाडलं, तेही लताबाईंनाच, 'मधुमती'साठी. जावईबापू म्हणाले, नाटकात प्रकाशवाल्याचंही असंच असतं. प्रेक्षकाला तो दिसला तर त्याचं चुकलं.

मधुमतीवरून संगीतकार सलील चौधरी आले, आणि सलीलदांवरून 'छाया'. १९६१चा चित्रपट. तलत-लताचं द्वंद्वगीत सुरू झालं आणि हा गृहस्थ खुर्चीतून उठून उभा राहिला. मोझार्टची चाळिसावी सिंफनी! ती शाळेत शिकताना त्यांना कंटाळा यायचा म्हणे. मी आयुष्यभर ते गाणं तलतच्या कापऱ्या आवाजासाठी ऐकलं, त्यांनी ते दोन मिनिटांत तीनदा मागे नेऊन ऐकलं, आणि मूळ कुठे सोडलंय, कुठे वळवलंय ते दाखवलं. चोरी म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, यात माणूस आलाय.

आता या पर्वातली मुख्य गोष्ट, जिच्यासाठी ही नोंद लिहायला घेतली.

तबकडीचा किस्सा ऐकल्यावर साहजिकच 'महल' लावला. ओसाड हवेली, झोपाळा, रात्र. मी नेहमीप्रमाणे गाण्याची वाट बघत होतो. जावईबापू गाण्याआधीच थांबले. म्हणाले, ही प्रकाशयोजना मी ओळखतो. सावल्या अशा टाकायला आम्हाला जुने जर्मन मूकपट दाखवून शिकवतात. मी जरा गालातच हसलो. यांना सगळीकडे आपलंच दिसतं! त्यांनी चित्रपट सुरुवातीला नेला आणि श्रेयनामावलीतल्या छायालेखकाच्या नावावर बोट ठेवलं. योझेफ व्हिर्शिंग.

हे नाव मी किती वेळा वाचलं असेन! कोणीतरी पारशी किंवा अँग्लो-इंडियन असेल, असं समजून पुढे गेलो. व्हिर्शिंग म्युनिकचे. त्या रात्री दोघं शोधत बसलो. फ्रान्झ ऑस्टेन या म्युनिकच्याच दिग्दर्शकाबरोबर ते १९२५च्या 'प्रेम संन्यास'साठी पहिल्यांदा भारतात आले. १९३४ला हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज काढली, तेव्हा दोघं तिथे रुजू झाले. १९३६चा 'अछूत कन्या' हा ऑस्टेनचा, आणि त्याचं छायालेखन व्हिर्शिंगचं. महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन म्हणून इंग्रजांनी दोघांना पकडलं. ऑस्टेन सुटून मायदेशी गेले. व्हिर्शिंग युद्धभर नजरकैदेत राहिले, आणि बाहेर आल्यावर इथेच राहून पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले. 'महल' हा त्यानंतरचा.

म्हणजे ज्या माणसाला मी 'आमचा सिनेमा' दाखवायला निघालो होतो, त्याच्या गावचा माणूस त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी येऊन तो सिनेमा उजळून गेला होता. हे मला त्याने दाखवलं. जरा खट्टू झालो, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र 'महल' एकट्याने पुन्हा पाहिला, आवाज पूर्ण बंद करून. गाण्याशिवाय. करून बघा एकदा. अशोककुमारच्या चेहऱ्याचा अर्धा भाग किती वेळ अंधारात आहे, हे मला या वयात दिसलं.

'शोले'बद्दल दोनच ओळी, त्यावर सगळेच लिहितात. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येत त्यांनी इटालियन वेस्टर्न ओळखला. शेवटी पोलीस नेमके कसे उगवले, हे त्यांना पटेना. तेव्हा आणीबाणीतल्या सेन्सॉरने शेवट बदलायला लावल्याचं सांगितलं. त्यांचं समाधान झालं, म्हणाले, तरीच तो प्रकाशात घाईने चित्रित केल्यासारखा दिसतो. हे मला पटलं नाही, वाद अजून चालू आहे.

बत्तिसावा ठरलाय : 'पाकीज़ा'. दिग्दर्शक कमाल अमरोहीच, 'महल'वाले, आणि कॅमेऱ्यामागे पुन्हा व्हिर्शिंग. चित्रपट रखडत रखडत १९७२ला आला, व्हिर्शिंग १९६७लाच गेले, राहिलेलं काम इतरांनी पुरं केलं. जावईबापूंनी पैज लावली आहे की कुठली दृश्यं त्यांची आणि कुठली नंतरची, हे ते नुसत्या प्रकाशावरून सांगतील. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं आणि शेवटी ताडून बघायचं असं ठरलंय. खरं उत्तर कुणाकडून मिळवायचं ते अजून ठरलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी छायालेखनातलं जाणकार असेल तर पंच म्हणून हवं आहे. मी सध्या गाण्यांचे अर्थ काढतोय, तीन गाण्यांपर्यंत पोचलो आहे, आणि एका ठुमरीतल्या अवधी शब्दावर दोन दिवस अडून बसलो आहे.