चार्ल्स्टनला गेलात तर ब्रॉड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उतरा

अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनचे तीन दिवस मस्त गेले, किल्ला झाला, बीच झाला, कोळंबी पोटभर झाली. पण मला लिहायचंय ते ब्रॉड आणि मीटिंग स्ट्रीटच्या कोपऱ्याबद्दल. खेचराच्या गाडीतून शहर दाखवतात, त्या गाडीवाल्याने प्रत्येक जुन्या घराचा व्हरांडा रंगवून सांगितला आणि कोर्ट आलं तेव्हा "हे फेडरल कोर्ट" एवढंच म्हणून खेचर पुढे हाकललं. मला इतका राग आला, कारण मी आलेच होते त्या कोर्टासाठी.

मग भर उन्हात चालत परत आले. कोर्टाच्या बागेत जज जे. वेटीज वेअरिंग यांचा पुतळा आहे. हा माणूस इथल्याच जुन्या घराण्यातला, बाप अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या बाजूने लढलेला. १९४६ मध्ये आयझॅक वुडर्ड हा काळा सैनिक युद्धावरून घरी येत होता, सैन्यातून मोकळा झाला त्याच दिवशी, अंगावर युनिफॉर्म असताना पोलिसाने मारून त्याचे डोळे फोडले, आणि वेअरिंगसमोर खटला चालला तेव्हा गोऱ्या ज्युरीने त्या पोलिसाला अर्ध्या तासाच्या आत सोडलं. ते त्यांच्या मनाला लागलं ते कायमचं.

पुढे याच राज्यातल्या क्लॅरेंडन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) काळ्या पालकांची केस आली. त्यांनी आधी फक्त शाळेची बस मागितली होती हो, गोऱ्या मुलांना बस आणि यांची पोरं मैलोन्‌मैल चालत. १९५१ मध्ये याच इमारतीत तीन जजनी ती ऐकली, दोघे विरुद्ध गेले, एकटे वेअरिंग म्हणाले की काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं हीच विषमता. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने शाळांमधला भेदभाव रद्द केला, त्यात ही केस होती.

त्याआधीच वेअरिंगच्या घरासमोर क्रॉस जाळला (तिथल्या वर्णद्वेष्ट्या गोऱ्यांची धमकी द्यायची रीत), घरावर दगड आले, ओळखीचे लोक बोलेनासे झाले. १९५२ मध्ये ते न्यूयॉर्कला निघून गेले आणि १९६८ मध्ये वारले, दफन मात्र चार्ल्स्टनलाच झालं. दफनाला गोरी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, काळी शेकड्यांनी.

इमारतीला आधी सिनेटर हॉलिंग्स यांचं नाव होतं. ते जिवंत असताना त्यांनी स्वतःच सांगितलं, माझं काढा, वेअरिंगचं लावा, आणि २०१५ मध्ये ते लागलं. स्वतःचं नाव काढायला सांगणारा राजकारणी मी तरी दुसरा ऐकला नाही.

खाली पोस्ट ऑफिस आहे. बाबा साताऱ्याला चाळीस वर्षं वकिली करत होते, त्यांना तिथूनच कार्ड टाकलं आणि वर इमारतीचं नाव मुद्दाम पूर्ण लिहिलं.